गोल कुठून सुरू झाला, ते आधी पाहू

पत्राचा सारांश

कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाच्या कर्णधाराचे हे पत्र आहे. तो तृतीय वर्षात शिकतो आणि स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, जागी खेळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याचा संघ मध्यंतराला २–० असा पुढे होता. उत्तरार्धात चार गोल खाऊन तो २–४ असा हरला. पहिला गोल थ्रो-इनवरून झाला आणि त्यानंतर दोनच मिनिटांत कॉर्नरवरून दुसरा. तिसऱ्या गोलाच्या वेळी लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, वळताना घसरला आणि समोरचा विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) मोकळा सुटला. बरोबरी साधण्यासाठी सगळे पुढे गेलेले असताना लांब मारलेल्या चेंडूवर चौथा गोल झाला. गोलकीपर उशिरा बाहेर आला. लेफ्ट बॅक हा राधानगरी तालुक्यातून आलेला प्रथम वर्षाचा मुलगा आहे, तर गोलकीपर वसतिगृहात कर्णधाराच्याच खोलीत राहतो. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामन्याच्या रात्रीपासून या दोघांची खरडपट्टी चालू आहे. तिसऱ्या क्रमांकाचा सामना आठ दिवसांवर आला असून क्रीडाशिक्षकांनी कर्णधाराचे मत विचारले आहे. मित्र म्हणतात, दोघांनाही बसव. घरचे म्हणतात, शेवटचे वर्ष आहे, आता खेळ पुरे. कर्णधाराला स्वतःला वाटते की बचावाचा कणा आपणच होतो, तेव्हा चूक पदरात घेऊन कर्णधारपद सोडावे. कोणाला वगळावे आणि आपण बाजूला व्हावे का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर

प्रिय कर्णधार,

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतची अकरा मिनिटांची चित्रफीत चार वेळा पाहिली. उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देतो, म्हणजे पुढचे सारे तू त्या हिशेबाने वाचशील. मी स्वतः विद्यार्थिदशेत लेफ्ट बॅक होतो. मैदानाच्या त्या कोपऱ्यात उभे राहून जे दिसते ते गॅलरीतून दिसत नाही, अशी माझी जुनी समजूत आहे आणि ती या पत्राच्या उत्तरात डोकावणारच.

तुझ्या पत्रात 'बचाव' हा शब्द नऊ वेळा आला आहे. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ मागचे चौघे आणि गोलकीपर एवढाच आहे. मध्यफळीचा उल्लेख संपूर्ण पत्रात एकदाही नाही. मात्र एक वाक्य तू ओघात लिहून पुढे गेला आहेस: "आमचा लेफ्ट विंगर पुढेच थांबला होता, कारण दोन्ही गोल त्यानेच केले होते आणि तिसराही होण्यासारखा होता." हा विंगर शहरातील एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो, हेही तू अभिमानाने सांगितले आहेस. माझ्या मते तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे आणि ते तू दोषाच्या यादीत नव्हे, तर कौतुकाच्या परिच्छेदात लिहिले आहेस.

आता गोल एकेक करून पाहू. पहिला गोल थ्रो-इनवरून झाला. चित्रफितीत थ्रो घेतला जातो तेव्हा रेषेजवळ प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू आहेत आणि तुमचा एकटा लेफ्ट बॅक आहे. तू आतल्या बाजूला दहा-बारा पावलांवर उभा आहेस, आणि तुझ्या जागेवरून ते योग्यही आहे, कारण तू सरकलास तर गोलसमोरची जागा उघडी पडते. डाव्या बाजूचा हाफ, म्हणजे मध्यफळीतला खेळाडू, चित्राच्या चौकटीत उशिरा येतो आणि विंगर येतच नाही. तिघांनी एकाला आपसांत पास देऊन चकवले, चेंडू पाठीमागे गेला आणि तिथून गोलसमोर आला. या क्षणी "लेफ्ट बॅक काय करत होता?" असे विचारणे सोपे आहे, तो तिघांना अडवत होता, असे त्याचे साधे उत्तर आहे.

दुसरा गोल कॉर्नरवरून झाला. दूरच्या खांबाजवळ एक उंच मुलगा मोकळा उभा आहे आणि त्याच्याजवळ तुमचे दोघे आहेत. दोघेही चेंडूकडे पाहत आहेत, त्या मुलाकडे कोणीच पाहत नाही. हा कोणाचा माणूस होता, हे तुम्हाला अजूनही ठाऊक नाही, कारण ते आधी कधी ठरलेच नव्हते. शिवाय तो पहिल्या गोलानंतर दोनच मिनिटांत झाला, याकडे तू लक्ष दिलेले दिसत नाही. गोल झाल्यानंतरची मिनिटे, मग तो खाल्लेला असो की केलेला, ही सगळ्यांत निसरडी असतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता, म्हणून इथल्या घराघरांत ते सामने पाहिले गेले. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला तो पहिला गोल होता. त्याचा आनंद ओसरण्याआधीच, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला आणि सामना २–१ असा जिंकला. त्या मुलांना बचाव येत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. एक मिनिटभर ते आनंदात होते, इतकेच.

तिसऱ्या गोलाकडे मी मुद्दाम जास्त वेळ पाहिले. समोरचा राइट विंगर आतल्या बाजूने वळला, तुमच्या मुलाने त्याच्याबरोबर वळण्यासाठी डावा पाय टेकला आणि तो पाय सरकला. त्याच्या अंगावरचे वजन योग्य बाजूला होते, अंदाजही बरोबर होता. तू पत्रात दुसऱ्याच संदर्भात लिहिले आहेस की तो एका माजी खेळाडूचे जुने बूट वापरतो आणि ते त्याला एक नंबर मोठे होतात, म्हणून पुढे कापूस भरतो. तुमच्या महाविद्यालयाचे मैदान तांबड्या मातीचे, टणक. उपांत्य सामना झाला तो गवतावर, आदल्या रात्री पाणी मारलेल्या मैदानावर. झिजलेल्या स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे), सैल बूट मातीवर चालून जातात, ओल्या गवतावर दगा देतात. ग्रुपवर त्या मुलाविषयी तुम्ही सत्तर-ऐंशी संदेश लिहिलेत. त्यांतल्या एकाने तरी त्याचे बूट उलटे करून तळ पाहिला का?

चौथ्या गोलाबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. एका गोलाने मागे असताना शेवटच्या मिनिटांत सगळ्यांनी पुढे जाणे हा जाणूनबुजून पत्करलेला धोका असतो. तो फसला तर चौथा गोल होतो. गोलकीपर उशिरा निघाला हे खरे, पण त्याच्यासमोर अर्धे मैदान मोकळे होते आणि तिथे कोणताही गोलकीपर क्षणभर थबकतो.

अशा रीतीने पाहिले तर चारपैकी एका गोलाचे मूळ मागच्या चौघांच्या पुढे, मध्यफळीत आणि डाव्या विंगवर आहे. एकाचे बुटांत आहे. एकाचे आधी न झालेल्या बोलण्यात आहे. आणि एकाचे गुणफलकावरच्या पिछाडीत आहे. गोल जिथे होतो तिथे तो फक्त संपतो. पब्लिक तिथेच पाहते, कारण चेंडू तिथे असतो. आपल्या शाहू स्टेडियमवर तू असंख्य सामने पाहिले असशील. बॅक चुकला की सारी गॅलरी उठते, पण वीस सेकंदांपूर्वी मध्यरेषेजवळ चेंडू गमावून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या फॉरवर्डकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आघाडीवरून हरणे ही तुमच्या संघाची खास दुर्बलता आहे, असे तुला वाटते आहे. म्हणून २५ मे २००५ चा इस्तंबूलचा सामना आठवून पाहा. युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इटलीचा एसी मिलान मध्यंतराला इंग्लंडच्या लिव्हरपूलविरुद्ध ३–० असा पुढे होता. मागच्या फळीत काफू, स्टाम, नेस्टा आणि मालदिनी, म्हणजे त्या काळातली जगातली बहुधा सर्वोत्तम चौकडी. कर्णधार मालदिनी, ज्याने पहिल्याच मिनिटात स्वतः गोल केला होता. उत्तरार्धात ५४, ५६ आणि ६०व्या मिनिटाला, म्हणजे सहा मिनिटांच्या अवधीत, तीन गोल झाले आणि मिलान अखेर पेनल्टींवर हरला. मध्यंतराला लिव्हरपूलने एक बॅक काढून हामान नावाचा मिडफिल्डर आत आणला, त्यामुळे त्यांचा कर्णधार जेरार्ड याला पुढे जाण्याची मोकळीक मिळाली आणि मधल्या पट्ट्यातील हिशेब बदलला. मिलानचे मागचे चौघे तेच होते, तितकेच चांगले होते. त्यांच्यापुढची भिंत हलली होती. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मध्यंतरात काय बदलले, हे तुमच्यापैकी कोणी टिपले होते का? चित्रफितीवरून मला वाटते की त्यांचा राइट बॅक उत्तरार्धात बराच वर येऊन खेळू लागला. त्याच्याबरोबर मागे येण्याचे काम तुमच्या विंगरचे होते.

इथे तुझ्या पत्रातल्या खऱ्या अडचणीपाशी आपण येतो. प्रथम वर्षाच्या, खेड्यातून आलेल्या, जुने बूट घालणाऱ्या मुलाला बसवणे सोपे आहे. तो काही बोलणार नाही, आणि बोलला तरी ग्रुपवर त्याच्या बाजूने कोणी लिहिणार नाही. तालमीकडून खेळणाऱ्या, दोन गोल करणाऱ्या, मित्रांच्या गराड्यात असणाऱ्या विंगरला "तू मागे का आला नाहीस?" असे विचारणे अवघड आहे. तू पहिल्या प्रश्नावर माझे मत मागितलेस, त्याचे एक कारण मला असे वाटते की दुसरा प्रश्न टाळता यावा. हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. खापर फोडायला माणसे नेहमी हाताला लागेल असे डोके शोधतात आणि ते बहुधा कमी उंचीवरचे असते.

१९५० च्या विश्वचषकातले उदाहरण फार बोलके आहे. १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध बरोबरीही पुरेशी होती आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला तो १–० असा पुढेही गेला. मग उरुग्वेचा गिज्जिया ब्राझीलच्या डाव्या बाजूने दोनदा सुटला. पहिल्या वेळी त्याने पास दिला आणि गोल झाला, दुसऱ्या वेळी, ७९व्या मिनिटाला, त्याने स्वतःच जवळच्या खांबालगत चेंडू मारला. गोलकीपर बार्बोसा पुन्हा पास येईल या अंदाजाने किंचित सरकला होता. ब्राझील २–१ असा हरला. पुढे ठपका ठेवला गेला तो बार्बोसावर, डाव्या बाजूच्या बिगोडेवर आणि बचावातल्या जुवेनालवर. तिघेही कृष्णवर्णीय होते. बार्बोसा २००० मध्ये वारला. पन्नास वर्षे तो त्या एका गोलाचा माणूस म्हणूनच ओळखला गेला. गोलकीपर आणि डावीकडचा बॅक, ही जोडी तुला ओळखीची वाटेल.

तरीही प्रश्न उरतो की लेफ्ट बॅकला तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात खेळवावे की नाही. 'मुळीच वगळू नका' असे मी म्हणणार नाही. एखाद्या मुलाला सामन्यातून विश्रांती देणे हा फुटबॉलचा निर्णय असू शकतो आणि कधी तो त्या मुलाच्या हिताचाही असतो. परंतु तो निर्णय तीन गोष्टी पाहिल्यावर व्हावा: बूट बदलून तो गवतावर कसा वळतो, समोर एकच माणूस असताना तो कसा खेळतो, आणि त्याच्या जागी येणारा मुलगा खरोखर त्याच्यापेक्षा सरस आहे का. तूच लिहितोस की पर्यायी मुलगा उजव्या पायाचा आहे आणि डाव्या बाजूला खेळण्याचा त्याला सराव नाही. मग विंगर मागे आला नाही, तर त्याच कोपऱ्यात त्याच तिघांपुढे या नव्या मुलाचे काय होईल? आठ दिवसांनी ग्रुपवर दुसरे नाव येईल, एवढाच फरक.

गोलकीपरबद्दल तुझी घालमेल वेगळी आहे. तो खोलीचा जोडीदार असल्यामुळे त्याची बाजू घेतली तर पक्षपात होईल आणि घेतली नाही तर रात्री त्याच्याशी बोलायचे काय, असे तुला वाटते. सरांना सांगताना ही गोष्ट सरळ सांगून टाक: "तो माझ्या खोलीत राहतो, त्यामुळे त्याच्याबद्दल माझे मत धरू नका." निवड करण्याचे काम त्यांचे आहे. कर्णधाराने मत द्यावे, यादी देऊ नये.

आता विंगरशी बोलण्याविषयी. त्याला ग्रुपवर काही लिहू नकोस आणि चारचौघांत तर मुळीच विचारू नकोस. सरावानंतर मैदानाभोवती दोघे फेरी मारा आणि पराभवाचा विषय न काढता पुढच्या सामन्याचे काम त्याच्यापुढे ठेव. "तू मागे येत नाहीस" असे वाक्य कोणालाही पटत नाही. त्याऐवजी मर्यादा आखून दे: समोरचा राइट बॅक मध्यरेषा ओलांडून आला की त्याच्याबरोबर आपल्या अर्ध्यात यायचे, आपल्या डाव्या बाजूला थ्रो असेल तर रेषेजवळ उभे राहायचे, बाकी वेळ तू मोकळा. हे काम त्याला जमण्यासारखे आहे. तालमीच्या संघात त्याचे प्रशिक्षक त्याच्याकडून हे करून घेत असतीलच. महाविद्यालयात येऊन तो ते विसरतो, कारण इथे त्याला विचारणारे कोणी नाही.

दुसरा मार्गही आहे आणि तो मी खरोखर विचारात घेण्यासारखा मानतो. काही संघ आपल्या सर्वांत वेगवान खेळाडूला मुद्दाम पुढे ठेवतात, कारण त्याच्या धाकाने समोरचा बॅक वर यायला कचरतो. हा डाव चुकीचा नाही. मात्र मग त्याच्या मागची जागा भरण्यासाठी डाव्या बाजूच्या हाफने बाहेर सरकायचे, मधल्या हाफने त्याची जागा घ्यायची आणि दुसऱ्या विंगरने आत यायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. तुमच्या सामन्यात हा निर्णय कोणी घेतलाच नव्हता, तो आपोआप झाला. या दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे सरांसमोर बसून ठरवा आणि ठरल्यावर अकराही जणांना सांगा.

सरावासाठी एक खेळ सुचवतो. १९८७ ते १९९१ या काळात मिलानचे प्रशिक्षक असलेले आरिगो साक्की सांगत की त्यांनी आपल्या आघाडीच्या तारकांना एक पैज घातली होती: दहा जण एकीकडे, समोर फक्त गोलकीपर आणि चार बॅक, वेळ पंधरा मिनिटे. बचाव करणाऱ्यांनी चेंडू मिळवला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची. दहांत गुलिट आणि व्हॅन बास्टनसारखे खेळाडू होते, पण त्यांना गोल करता आला नाही. चौघे एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून एकदम सरकत होते. त्या चौघांत लेफ्ट बॅक होता तरुण मालदिनी, जो पुढे इस्तंबूलमध्ये कर्णधार म्हणून हरला.

तुम्ही दहा विरुद्ध पाच खेळू नका, हिरमोड होईल. सहा विरुद्ध चार आणि गोलकीपर, अर्ध्या मैदानावर, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव खेळा, आणि ते सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना ठेवा. तुमचे चारही गोल उत्तरार्धात झाले आहेत. ताज्या पायांनी केलेला सराव त्यावर फारसा उपयोगी पडणार नाही. विंगरला कधी कधी या चौघांत उभे कर. बॅकच्या जागी पाच मिनिटे उभे राहिल्यावर फॉरवर्डच्या बोलण्यात जो फरक पडतो, तो मी अनेकदा पाहिला आहे.

या सरावात एक नियम ठेवा: मागून सतत बोलायचे. बोलण्याचे शब्द तीन-चारच असावेत आणि सगळ्यांचे तेच असावेत. "चढ" म्हणजे फळीने वर सरकायचे, "थांब" म्हणजे अंगावर न जाता समोरच्याला रोखून धरायचे, "माझा" म्हणजे दुसऱ्याने चेंडूला हात-पाय लावायचा नाही, "मागं माणूस" म्हणजे पाठीमागे कोणी आहे. यातला निम्मा आवाज गोलकीपरचा असायला हवा, कारण अख्खे मैदान समोर दिसणारा तो एकटाच असतो. चित्रफितीत तुमच्या गोलकीपरचा आवाज मला एकदाच ऐकू आला, तोही गोल झाल्यावर, आणि तो शब्द इथे छापण्यासारखा नाही. त्याच्या उशिरा बाहेर येण्यापेक्षा हे मौन मला अधिक खटकले.

कॉर्नरसाठी अर्ध्या कागदावर आकृती काढून ड्रेसिंग रूमच्या दाराला चिकटवा: जवळच्या खांबाशी कोण, सहा यार्डांच्या रेषेवर कोण, त्यांच्या सर्वांत उंच खेळाडूला कोण धरणार, बाहेर उसळलेल्या चेंडूसाठी पेनल्टी चौकटीबाहेर कोण. राखीव खेळाडू आत आला की तो कोणाची जागा घेतो, हेही त्यावर लिहा. या कामाला वीस मिनिटे लागतात.

आणि गोल झाल्यावरच्या मिनिटांसाठी एक सवय लावा. गोल खाल्ला की चेंडू मध्यावर नेण्याची घाई करू नका. तू बॅक आणि हाफ यांना जवळ बोलाव, दोन वाक्ये बोल, जागा पक्क्या करा आणि पहिली तीन-चार मिनिटे चेंडू साधेपणाने खेळा. गोल केल्यावरही हेच करा.

एक बाब तू तळटीपेसारखी लिहिली आहेस, मला ती तळटीप वाटत नाही. तीन दिवसांत तिसरा सामना, आदल्या दिवशी उपांत्यपूर्व फेरी, बाकावर पाच राखीव आणि उतरवला एकच. सामना साडेबाराला आणि साडेदहाला सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसाने मिसळीविरुद्ध लिहू नये हे मला कळते. पण तर्री आणि जादा पाव पोटात घेऊन दोन तासांनी उन्हात विंगरच्या मागे धावायचे म्हटले तर मालदिनीही दमला असता. सामन्याच्या तीन तास आधी भात, पोळी, केळी असे हलके खा. मिसळ सामन्यानंतर, जिंकलात तरी आणि हरलात तरी. राखीव खेळाडू कधी उतरवायचे, याविषयीही सरांशी मोकळेपणाने बोल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कर्णधारपद सोडण्याची इच्छा तुला प्रामाणिकपणाची वाटते आहे. मला त्यात तीच चूक वेगळ्या कपड्यांत दिसते. ग्रुपने खापर लेफ्ट बॅकच्या डोक्यावर फोडले, तू ते उचलून आपल्या डोक्यावर घेऊ पाहतोस. डोके बदलले, शोध तोच राहिला. तू बाजूला झालास तर विंगरशी कोण बोलणार? त्या मुलाच्या बाजूने ग्रुपवर कोण उभे राहणार? इस्तंबूलनंतर मालदिनीने कर्णधारपद सोडले नाही. दोन वर्षांनी, २३ मे २००७ रोजी अथेन्समध्ये पुन्हा लिव्हरपूलच समोर होते. मिलान २–१ असा जिंकला आणि अडतीस वर्षांच्या मालदिनीने चषक उचलला. तुला अशी परतफेडीची संधी मिळेलच, असे नाही. तृतीय वर्षाच्या खेळाडूला पुढचे वर्ष नसते. म्हणूनच उरलेल्या एका सामन्याआधी हे पद सोडण्यात मला अर्थ दिसत नाही. सामना झाल्यावर, चार दिवस जाऊ देऊन, पुन्हा विचार कर. तेव्हाही सोडावेसे वाटले तर सरांना सांगून, पुढच्या वर्षीच्या कर्णधाराला सोबत घेऊन सोड.

घरच्यांचे म्हणणे यापासून वेगळे ठेव. त्यांना बचावफळीची नव्हे, तुझ्या परीक्षेची काळजी आहे आणि ती रास्त आहे. हरल्यामुळे खेळ सोडणे आणि परीक्षेसाठी खेळ थांबवणे यांत फरक आहे. दुसरे करायचे असेल तर तारीख ठरवून कर. या सामन्यानंतर परीक्षा होईपर्यंत मैदान बंद, असे वडिलांना स्वतःहून सांगितलेस तर ते हा एक आठवडा आनंदाने देतील, असा माझा अंदाज आहे.

ग्रुपवर आज रात्रीच एक संदेश टाक. लांब भाषण नको. चारही गोल आपण सगळे मिळून पाहणार आहोत, तोवर या विषयावर इथे कोणी लिहायचे नाही, आणि पहिल्या गोलाच्या आधीच्या थ्रोवर आवाज देण्यात मी स्वतः कमी पडलो, एवढेच लिही. हे शेवटचे खरे आहे. मी चित्रफितीत पाहिले, तू हात दाखवतोस पण ओरडत नाहीस. मग लेफ्ट बॅकला प्रत्यक्ष भेट. त्याला समजावू नकोस, धीरही देऊ नकोस, "तिथे उभा असताना तुला काय दिसत होतं?" एवढे विचार आणि गप्प राहा. तो पहिल्यांदा "चुकलं माझं" म्हणेल. त्यानंतर जे बोलेल ते वहीत लिहून घे.

हे सदर वाचणाऱ्या इतर संघांच्या कर्णधारांना आणि क्रीडाशिक्षकांनाही ही वही उपयोगी पडेल. खाल्लेल्या प्रत्येक गोलासाठी एक पान ठेवा आणि गोलापासून वीस सेकंद मागे जा. चेंडू कोणी, कुठे गमावला. त्या क्षणी चेंडूच्या मागे आपले किती जण होते. मागची फळी आणि फॉरवर्ड यांच्यात किती पावलांचे अंतर पडले होते. कोणी कोणाला आवाज दिला, इतकेच लिहा. शेवटी चेंडू कोणाजवळून गेला, हे लिहू नका, ते सगळ्यांना माहीत असते. आठ-दहा पाने झाली की तेच तेच कोपरे पुन्हा दिसू लागतात. हंगामाच्या मध्यावर एखाद्या मुलाला वगळायची वेळ आली, तर या वहीच्या आधारे त्याला कारण सांगता येते आणि त्यालाही ते पटते.

बुटांचे तेवढे लगेच कर. संघातल्या कोणाच्या तरी पायाचा नंबर त्याच्याएवढा असेलच. नसेल तर महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात विचार. सामन्याआधी तीन-चार दिवस ते घालून त्याला गवतावर धावू दे, नाहीतर टाचांना फोड येतील.

आणि चित्रफीत काढणाऱ्या तुझ्या मित्राचे आभार मान, पण पुढच्या सामन्याला त्याला रेषेजवळ उभा करू नकोस. त्याचा मोबाईल चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे मला तुमची बचावफळी अकरा मिनिटांत मिळून दोन-अडीच मिनिटेच दिसली आणि विंगर तर गोल करतानाच दिसला. गॅलरीच्या सर्वांत वरच्या पायरीवर, मध्यरेषेच्या समोर बसून मोबाईल कठड्याला टेकवायचा, पूर्ण अर्धे मैदान चौकटीत येईल असा धरायचा आणि गोल झाला तरी हलवायचा नाही, असे त्याला बजावून सांग.